अपडेट्या

कोल्हापुरात माणसाला दोन नावं असतात. एक रेशनकार्डावरचं आणि दुसरं खरं. अपडेट्याचं खरं नाव तालमीतल्या दोस्तांनी ठेवलं आणि ते असं बसलं, की आता त्याची आईसुद्धा "अपडेट्या, जेवून घे रे" अशीच हाक मारते. धंद्यानं तो प्रोग्रामर. हिंजवडीत काही वर्षं काढून, शेंडा पार्कात आयटी पार्क होणार या भरवशावर परत आला. भरवसा अजून शाबूत आहे. तोवर राजारामपुरीत घरच्या माडीवर बसून तो पायथॉन नावाच्या भाषेत दुकानदारांना हिशेबाचे प्रोग्रॅम करून देतो. असा एखादा आता प्रत्येक पेठेत सापडतो, तेव्हा यात कुणी आपल्या भाच्याला शोधू नये.

याचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, ऑक्टोबरात होतं. पायथॉनची नवी आवृत्ती २०१९ पासून दर ऑक्टोबरात येते. ३.१४ आली ती ७ ऑक्टोबर २०२५ ला, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी. यानं आदल्या रात्रीचं उरलेलं मसाला दूध गरम करून गल्लीत वाटलं. शेजारच्या काकूंनी पेला हातात घेत विचारलं, "काय रे, लग्न ठरलं का काय?"

"न्हाई काकू, तीन पॉइंट चौदा आली. म्हंजे पाय!"

काकूंनी आधी त्याच्या पायाकडे बघितलं, मग दुधाचा वास घेतला. वर्तुळाचा पाय त्यांच्या शाळेतच राहिला होता. करणाऱ्यांनीही मौज साधली आहे म्हणा. या आवृत्तीत पायथॉनच्या नावातली पहिली दोन अक्षरं काढून तिथं पायचं ग्रीक चिन्ह बसवलेली आज्ञा गुपचूप ठेवून दिली आहे. तिचा उपयोग काहीच नाही. अपडेट्यानं ती पहिल्याच दिवशी वापरली.

त्याचे वडील गणिताचे निवृत्त शिक्षक. ३.९ नंतर ३.१० आली तेव्हा ते चिडले होते. "अरे, तीन पूर्णांक नऊनंतर तीन पूर्णांक दहा? पुढं गेलास का मागं आलास?" त्यांचं चुकलं नव्हतं. जगभरच्या कितीतरी प्रोग्रॅमांनी त्या ३.१० ला ३.१ समजून लोळण घेतली होती. अपडेट्यानं मात्र एका वाक्यात निकाल लावला. "बाबा, राजारामपुरीत नवव्या गल्लीनंतर दहावीच येती न्हवं?" इतकं सोपं उत्तर इतर कुठल्या शहरात मिळालं असेल असं वाटत नाही.

बदल जितका बारीक तितका याचा आनंद मोठा. पायथॉनमधून बाहेर पडायला पूर्वी नुसतं 'एक्झिट' लिहून भागत नसे. पुढं रिकामा कंस लावा, अशी समज मिळायची. म्हणजे तुम्हाला जायचंय हे त्याला कळलेलं असायचं, पण सोडायचं नाही. २०२४ च्या ३.१३ पासून बिनकंसाचं 'एक्झिट' चालतं. ही बातमी अपडेट्यानं मला मिरजकर तिकटीवर, भर उन्हात, गाडी आडवी घालून सांगितली. "नाद खुळा, काका! कंस गेला!" मागच्या रिक्षावाल्याला वाटलं, कुणीतरी पुढारी गेला.

पण त्याची खरी रग नावांत आहे. भाषेचं नाव अजगरावरून आलेलं नाही. गिडो वान रॉसम या डच गृहस्थानं १९८९ च्या नाताळच्या सुटीत हे काम हाती घेतलं, तेव्हा तो बीबीसीवरच्या 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी मालिकेच्या संहिता वाचत होता. तिथून या मंडळींना जो चेव आला तो आलाच. उदाहरणं त्याच मालिकेतल्या स्पॅम आणि अंड्यांची. पॅकेजांच्या कोठाराचं जुनं लाडकं नाव 'चीजशॉप', कारण मालिकेतल्या त्या दुकानात चीजच मिळत नाही. हे सांगताना अपडेट्या हसून लोळतो. मिसळीच्या दुकानात मिसळच नसली तर कोल्हापुरात कोण हसेल, हा प्रश्न त्याला पडत नाही. माहिती मुरवून ठेवायच्या सोयीचं नाव 'पिकल', आणि अधिकृत सूचना अशी, की परक्याकडून आलेलं लोणचं उघडू नये. जँगो, पांडाज ही पायथॉनमधली साधनं. जँगो हे नाव एका गिटारवादकाचं. पांडाजमध्ये अस्वल नाही, 'पॅनेल डेटा' आहे. बाकी उरेल त्याला पाय लावायचे : नमपाय, सायपाय. अपडेट्यानंही आपल्या प्रोग्रॅमचं नाव 'गूळपाय' ठेवलं होतं. गुळाला पाय लागल्याचं ऐकून अडत्यांनी त्याला दुकानाची पायरी उतरवली.

तसं हे खूळ आमच्या गावाला परकं नाही. ताराराणी चौकाला लोक अजून कावळा नाकाच म्हणतात. निवृत्ती चौकातला पुतळा छातीपर्यंतचा, म्हणून तो अर्धा शिवाजी पुतळा. आणि सायबर चौकाचा संगणकाशी काडीचा संबंध नाही. १९७६ साली निघालेल्या शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्चची ती इंग्रजी आद्याक्षरं. अपडेट्याला हे ठाऊक आहे, तरी त्या चौकातून जाताना तो गाडी हळू करतोच.

पायथॉन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीतही चालतात, हे कळल्यापासून त्याच्या प्रोग्रॅमात 'तांबडा' आणि 'पांढरा' आले. पुण्याच्या सहकाऱ्यानं विचारलं, पांढरा म्हणजे नेमकं काय? "वाढ म्हटलं की वाढतो तो," असं उत्तर गेलं.

गिडोला 'तहहयात दयाळू हुकूमशहा' अशी पदवी होती. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तहहयात अध्यक्ष समजावून सांगावा लागत नाही. मात्र अपूर्णविराम आणि बरोबरच्या चिन्हाच्या एका जोडाक्षरावरून वाद पेटला, आणि जिंकल्यावर त्यानं जुलै २०१८ मध्ये पद सोडलं, यावर तालमीत कुणी विश्वास ठेवला नाही. जिंकल्यावर सोडलं? त्या चिन्हाला वॉलरस म्हणतात, दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात म्हणून. मान वाकडी करून बघावं लागतं.

आता धंद्याचं. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात अपडेट्यानं कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्रॅम गुळाच्या पट्ट्या काढतो. तो पायथॉन २.७ वर आहे. ती आवृत्ती २०१० ची, आणि तिची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. दर ऑक्टोबरात हा नवी आवृत्ती घेऊन तिथं जातो. दुकानाचे मालक अण्णा सौद्यातून मान वर न करता विचारतात, "पट्टी निघती न्हवं?"

"निघती, अण्णा. पर—"

"मग हात लावू नगंस."

त्या देखभालीच्या पैशातूनच याच्या नव्या लॅपटॉपचा हप्ता जातो, म्हणून हा पुढचं 'पर' गिळतो.

३.१५ आता २०२६ च्या ऑक्टोबरात यायची आहे. कुणाला प्रोग्रॅम करून घ्यायचा असेल तर त्याला सप्टेंबरात गाठा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर. काम तो चोख करतो, दरही वाजवी आहे. नाव तेवढं तुमचं तुम्ही आधी ठरवून न्या.