टीएल बदलला नि भूक लागली

"काकू, दोन डहाळ्या कढीपत्ता घेतेय हं. आणि पहाटे पाचला कॅब थांबली की तुमचा मोती भुंकतो, त्या कॅबमधून आमचा धाकटाच उतरतो."

"अगं, तो तर राजीनामा देणार होता ना?"

"टीएल, म्हणजे टीम लीडर, बदलला! ऑफिस तेच खराडीचं, फोन तेच अमेरिकेचे, क्रेडिट कार्डाचं बिल जास्त आलं म्हणून शिव्याही त्याच. पण आधीचा टीएल म्हणजे… कॉल जरा लांबला की स्क्रीनवर मेसेज, 'एएचटी बघ', म्हणजे कॉलमागचा सरासरी वेळ. बाथरूमला जायचं तरी सिस्टिमला ब्रेक टाकायचा, दोन मिनिटं वर झाली की सगळ्यांदेखत नाव. रोस्टर रविवारी रात्री हातात. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला सुट्टी मागितली, तर म्हणे 'बिझनेस रिक्वायरमेंट'! घरी कुकरची शिट्टी झाली तरी पोरगं दचकायचं. ताटातलं तसंच टाकून उठायचं."

"आणि नवा?"

"नवी आहे, नाशिकची. सैल नाही हं मुळीच, टार्गेट तेवढंच. पण शिफ्ट आपसात बदला, मला फक्त कळवा, म्हणते. गिऱ्हाईक फारच घाण बोललं, तर कॉल स्वतःकडे घेते नि ह्याला म्हणते, जा, खाली चक्कर मारून ये. परवा स्वतःहून तिसरी पोळी मागितली त्यानं."

"आमचं ट्रंक एक्स्चेंज आठवलं. कानाला हेडफोन, मागे सुपरवायझरीणबाईंच्या येरझाऱ्या. बदली आल्याशिवाय उठायचं नाही. लोक ओरडायचे, 'अर्जंट बुक केलाय, नागपूर का लागत नाही?' लाइनच मोकळी नसायची, आम्ही काय करणार! तरी गोड बोलायचं. पण दोघींनी कागदावर सह्या केल्या की ड्यूटी बदलून मिळायची. त्या कागदावर निभावलं बघ मी सगळं. नाहीतर दोन बाळंतपणं नि सासूबाईंचं आजारपण, कुठली टिकतेय नोकरी?"

"तेच तर!"

"माझा भाचा एमबीएच्या मुलांना शिकवतो ना, तो सांगत होता. अमेरिकेत एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये चहाला एकेकालाच सोडायचे, फोन अडू नयेत म्हणून. एमआयटीच्या ॲलेक्स पेंटलंडनी कोण कुणाशी किती बोलतं ते मोजलं नि सांगितलं, अख्ख्या टीमला एकदम सोडा. ज्या टीम मागे होत्या, त्यांचा कॉलमागचा वेळ २० टक्क्यांहून जास्त उतरला! २०१२ साली छापून आलंय."

"चहा पिऊन?"

"चहानं कसला! चौघं जमून टीएलच्या नावानं बोटं मोडली असतील, डोकं हलकं झालं असेल."

"आणि काकू, तो आधीचा टीएल आहे ना, त्याच्या उरावर म्हणे वरचा मॅनेजर. तासातासाला आकडे मागतो. टीएल झोपेच्या गोळ्या घेतो बिचारा. त्याची बायकोच सांगत होती."

"अगं बाई! ती तुला कुठे भेटली?"

"भिशीत. पण कुणाकडे बोलू नका हं, पुढच्या महिन्यात भिशी आमच्याकडेच आहे."