बेअरिंग फिरत नाही, साहेब!

थेरगावात सध्या बालपण भिंतीला टांगायची फॅशन आली आहे. डांगे चौकाच्या आसपास उंच इमारतीत राहणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला, जुन्या घराचा माळा नुकताच उपसलेला गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेलच. खेळणं सापडतं, डोळे पाणावतात आणि गृहस्थ थेट इंटिरियर डिझायनरला फोन लावतो.

परवा अशाच एका साहेबांकडे जाणं झालं. हॉलमध्ये टीव्हीच्या वर, फोकस लाइटच्या झोतात, बेअरिंगची गाडी टांगलेली. हो, तीच. खोक्याची फळी, मागे दोन बेअरिंगं, पुढे एक, वळवायला दोरी. फळीला चकाचक पॉलिश, दोरीच्या जागी रेशमी गोंडा. सवयीनं मी पुढच्या बेअरिंगला बोट लावलं. ढिम्म!

"गंजू नये म्हणून वरून इपॉक्सीचा कोट मारलाय," साहेब कौतुकानं म्हणाले. "फिरत नाही आता. पण लुक बघा!"

फिरत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये राहून हे वाक्य माणूस हसत हसत बोलू शकतो? अहो, भोसरीपासून चाकणपर्यंत या अख्ख्या पट्ट्याचं पोट बेअरिंग फिरतं म्हणून भरतं. रात्रपाळीत एक बेअरिंग जॅम झालं तर लाइन थांबते, मेंटेनन्सवाल्याची झोप उडते, सुपरवायझरचा आवाज पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जातो आणि सकाळी ब्रेकडाउनचा रिपोर्ट भरताना सगळ्यांचे चेहरे पडलेले असतात. आणि इथे साहेबांनी पदरचे पैसे मोजून तीन बेअरिंगं जॅम करून घेतली! त्यांचे वडील फिटर होते म्हणे. ते आज असते तर त्यांनी आधी ग्रीस मागितलं असतं आणि मग पोराचा कान धरला असता. इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी बेअरिंगचे नंबर पाठ असायचे. ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणलं की भोक निघतं, हे गणिताच्या बाईंनी नव्हे, भंगारवाल्यानं शिकवलेलं. दांडी तासून त्या भोकात ठोकायची. आतली रिंग गच्च, बाहेरची मोकळी. मधले छर्रे रॉकेलनं धुवायचे, दोन थेंब ऑइल सोडायचं. मग गाडी उतारावरून सुटली की अशी खर्रर्र वाजायची की दुपारी झोपलेली अख्खी चाळ शिव्या देत दारात यायची. ती शिवी हीच पावती. साहेबांनी नेमका तो आवाज तेवढा मारला आणि बाकी सगळं जपलं. उद्या हार्मोनियमचा भाता शिवून ती शोकेसमध्ये ठेवतील आणि घरात संगीताची आवड आहे म्हणून सांगतील.

सरकारी व्याख्या मात्र साहेबांच्या बाजूनं आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना गुणवत्ता चिन्ह सक्तीचं झालं. त्या आदेशाच्या लेखी खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. साहेब सत्तेचाळीसचे. तेव्हा भिंतीवर आहे ती सजावट, विषय संपला.

पण १४ वर्षांखालचा एक इसम त्याच घरात राहतो. वय वर्षं नऊ. त्याला गाडीला हात लावायची बंदी, कारण 'पप्पांचं बालपण आहे ते'. बरं, स्वतःचं बालपण घेऊन त्यानं जावं कुठे? खाली लिफ्टपाशी नोटीस: पार्किंगमध्ये खेळू नये, लॉनवर पाय ठेवू नये, लॉबीत सायकल आणू नये. नोटिशीखाली सचिव म्हणून सही कुणाची? याच साहेबांची! शरम वाटायला हवी. गेटबाहेर जावं तर उतारावर डंपर, फुटपाथवर दुचाक्या आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. या ब्लॉकवर माझा जुना राग आहे. ६२०४ ची रुंदी १४ मिलिमीटर. आमच्याकडच्या ब्लॉकांच्या फटीत ते असं रुततं की गाडी जागच्या जागी आणि पोरगं तोंडावर. पावसाळ्यात हे ब्लॉक डुलतात, पायजम्यावर चिखलाची पिचकारी मारतात, उन्हाळ्यात उपटले जातात आणि पुन्हा तसेच वाकडे बसतात. साधा सपाट सिमेंटचा तुकडा पोरांच्या वाट्याला येऊ नये, एवढं या गावानं कुणाचं काय घोडं मारलंय?

तेव्हा साहेब, कमिटीच्या पुढच्या मीटिंगला एवढा एक ठराव घ्या. बेसमेंटचा रॅम्प दर रविवारी सकाळी सात ते नऊ गाड्यांना बंद, पोरांना मोकळा. रॅम्पवर आडव्या खाचा आहेत, हाडं थोडी खिळखिळी होतील, होऊ द्या. बेअरिंगं भंगारात किलोवर मिळतात. आणि आवाजाचा ज्यांना त्रास होईल त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.