रिकाम्या पोटी

(टेबलावर रक्ततपासणीचा रिपोर्ट, गोळ्यांची बाटली, फोन. वन्संचा आवाज नटच काढतो: नाकातला, ताणलेला.)

डोंबिवलीच्या काकूंचा रिपोर्ट आला. टीएसएच 14. शेजारी छापलेली हद्द साधारण 4 पर्यंतची. म्हापशाहून वन्संचा फोन आलाच.

"वहिनी, आकडा वाढलाय ना? मग डॉक्टर थायरॉइड कमी का म्हणतात? डॉक्टर बदल!"

डॉक्टर बरोबर होते. टीएसएच थायरॉइडचं नाहीच, मेंदूच्या तळाशी बसलेल्या पिट्युटरीचं. ती म्हणजे मुकादम. गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली की मुकादम ओरडायला लागतो. काम जितकं कमी, तितका आवाज मोठा.

"म्हणजे आमचा दादाच की गं!"

नणंद-भावजयीचं एकमत झाल्याचा हा पहिला प्रसंग.

ग्रंथी मंदावते ती बहुतेकदा शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावरच उलटते म्हणून. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदानं 1912 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून नाव हाशिमोटो.

"जपानी आहे? मग टिकेल."

टिकतंच. गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते.

(नट बाटली हलवतो.)

गोळी एवढीशी. लिव्होथायरॉक्सिन, 50 मायक्रोग्रॅम. ती घेणं सोपं. कठीण आहे तो पुढचा वेळ. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही! कारण चहा-कॉफी आणि खाणं गोळी नीट शोषू देत नाहीत.

सहा वाजता गोळी. सहा दहाला पेपर. सव्वासहाला राशिभविष्य, छोट्या जाहिराती, निधनवार्ता, सगळं संपलं. सहा वीसला काका उठले. एवढ्या वर्षांच्या संसारात साखरेचा डबा न सापडलेला हा माणूस, त्याला त्या दिवशी आलं सापडलं. खलबत्ता सापडला. (ठक. ठक. ठक.) चहा गाळला. खुर्ची बरोब्बर काकूंच्या समोर ओढली. (लांब भुरका.)

"आवाज न करता पिता येत नाही?"

"गरम आहे गं." (आणखी लांब भुरका.)

त्यात कॅल्शियमची गोळी या गोळीपासून चार तास लांब. लोहाचीही तशीच. काकूंच्या दिवसाला रविवारच्या मेगाब्लॉकची कळा आली.

"कशाला त्या गोळ्या? धन्याचं पाणी पी. आमच्या ग्रुपवर आलंय."

धन्याच्या पाण्यानं बंद पडलेली ग्रंथी चालू होत नाही. मेंढीनं मात्र एक बाई जगली होती. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी 46 वर्षांच्या एका रुग्णाला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. बाई आणखी 28 वर्षं जगल्या. तेवढ्या वर्षांत 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरनं ग्रंथी हलकी परतून, जेलीबरोबर खायला दिली.

"परतून? कांद्यावर?"

(नट फोन ठेवतो. क्षणभर गप्प.)

रिपोर्टाच्या आधीची दोन वर्षं काकू मे महिन्यात, डोंबिवलीत, शाल घेऊन बसायच्या. कंगवा केसांनी भरायचा. आवाज घोगरा. भांडी घासता घासता ओट्याला टेकून डोळा लागायचा, नळ चालूच. घरातले म्हणाले, आळशी झाली. वन्सं म्हणाल्या, पहिल्यापासूनच आहे. बाई थकली की घरात आधी तिचा स्वभाव तपासतात. रक्ताची पाळी फार उशिरा येते.

(फोन वाजतो.)

"चार दिवस झाले ना गोळीला? किती किलो उतरलीस?"

गोळीचा पुरता परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, टीएसएचही तेव्हाच पुन्हा तपासतात. आणि थायरॉइडनं चढलेलं वजन फार नसतंच, त्यातही बरंचसं पाणी. बाकीचं चकलीचं. काकूंचा आकडा यथावकाश 3 वर आला, तेव्हा काका म्हणाले, "झालं ना नॉर्मल? कर बंद." तो नॉर्मल गोळीमुळेच होता. गोळी थांबली असती तर मुकादम पुन्हा ओरडला असता.

2013 मध्ये आठ ठिकाणची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दर शंभर प्रौढांत जवळजवळ अकरा जणांचा थायरॉइड मंद. त्या आठांत मुंबई होती. गोवाही होता.

(फोन. आवाज आता बारीक.)

"वहिनी... माझा 11 आलाय गं."

काकूंनी घसा साफ केला. "धन्याचं पाणी घ्या की, वन्सं!" मग जीभ चावली. "घ्या हो, पण गोळीनंतर. तासाभरानं."