पिल्लू कंपनीचे, माशा गावाच्या

ब्रॉयलर कोंबडी ही भोर आणि वेल्हे तालुक्यांतली सर्वात अल्पायुषी आणि सर्वात हिशेबाने जेवणारी रहिवासी होय. (वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड तालुका. कोंबडीच्या आहारात त्याने फरक पडलेला नाही.) ती एक दिवसाची असताना खोक्यातून येते, भाताच्या तुसावर ब्रूडरच्या उबेत पहिला आठवडा काढते आणि साधारण चाळिसाव्या दिवशी दोन-सव्वादोन किलोची होऊन रात्रीच्या गाडीत चढते. राजगड आणि तोरणा हे किल्ले तिला शेडच्या जाळीतून दिसत असावेत. बाहेर येऊन पाहण्याची तरतूद करारात नाही.

कोंबडीची कंपनी आणि शेतकरी यांच्यातला हा करार मोठा रंजक दस्तऐवज आहे. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, लस आणि औषध कंपनीचे, वजन भरलेला पक्षीही कंपनीचा. शेतकऱ्याच्या वाट्याला जागा, शेड, शेडचे कर्ज, वीजबिल, पाणी, तूस आणि रात्रीची जाग येते. पक्ष्यांचा लॉट गेला की किलोमागे ठरलेली पालन-मजुरी मिळते, आणि मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागले की तीही कापली जाते. मागे उरलेली विष्ठा मात्र बिनशर्त शेतकऱ्याची. तिच्यावरच्या माशा साऱ्या गावाच्या. रोग कोणाच्या मालकीचा, यासाठी कागदावर रकानाच नसतो.

गावरान कोंबडीचा आहार याआधी कोणी मोजला नव्हता. उकिरड्यातले किडे, मळणीत सांडलेले दाणे, पाटावरची उरलेली भाकरी, असा तो बहुजिनसी मामला होता. तिला दोन किलो व्हायला वर्ष लागे आणि तिला त्याची घाई नसे. ब्रॉयलरचे खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयापेंड. प्री-स्टार्टर, स्टार्टर आणि फिनिशर या तीन इयत्तांत ते दिले जाते, आणि एक किलो वजनाला साधारण दीड ते पावणेदोन किलो खाद्य असा निकाल अपेक्षित असतो. या गुणोत्तराला एफसीआर म्हणतात. ज्या घरात मुलाच्या दहावीचे टक्के विसरले गेले, तिथेही गेल्या लॉटचा एफसीआर दशांशासह तोंडपाठ असतो.

शनिवार-रविवारी गड चढायला येणाऱ्यांना मात्र गावरानचीच थाळी लागते. त्या दोन दिवसांत खपणाऱ्या गावरान कोंबड्या आणि उकिरड्यावर प्रत्यक्ष फिरणाऱ्या गावरान कोंबड्या यांचा ताळेबंद अजून कोणी मांडलेला नाही. कोणी मांडूही नये.

एका शेडमध्ये चार-पाच हजार पक्षी, प्रत्येकाला जेमतेम चौरस फूट जागा, सगळे एकाच वयाचे, एकाच वाणाचे, एकाच पोत्यातले खाणारे. गावात साथ शिरली की तिला म्हातारे, तरुण, काटक, रोगट असे नाना तऱ्हेचे यजमान भेटतात आणि कुठेतरी तिचा वेग कमी होतो. शेडमध्ये तिला एकच पक्षी पाच हजार वेळा भेटतो.

पहिला धोका पोत्यातूनच येतो. जून ते सप्टेंबर या भागात भिंतीसुद्धा ओल्या असतात. मक्यात ओलावा राहिला की ॲस्परजिलस नावाची बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ते पक्ष्याचे यकृत बिघडवते, प्रतिकारशक्ती खाली आणते, मग टोचलेली लसही नीट लागू पडत नाही. नियम सांगतो की पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. शेडच्या कोपऱ्यात मात्र भिंतीला टेकलेले तळचे पोते उघडले की आत नारळाएवढा गठ्ठा निघतो, हिरवट, कुबट वासाचा. तो फेकून द्यावा हे पाळणाऱ्याला ठाऊक असते. पण फेकलेले खाद्यही हिशेबात पक्ष्यांनी खाल्लेलेच धरतात, एफसीआर चढतो आणि मजुरी उतरते. म्हणून गठ्ठा हाताने फोडला जातो आणि भांड्यात पडतो. बुरशीला एवढे भक्कम आर्थिक संरक्षण फार थोड्या धंद्यांत मिळते.

गायीचे याहून निराळे नाही. पेंढा आणि डोंगरचे गवत खाणारी गाय कमी दूध देते, म्हणून संकरित गायीपुढे पेंड, मका, भरडा आणि प्रसंगी लग्नातला उरलेला भात येतो. धान्य जास्त झाले की पोटात आम्ल वाढते, गाय रवंथ सोडते, खुरांना सूज येते, आणि डॉक्टरला फोन जातो तेव्हा भाताचा उल्लेख शेवटी होतो. बुरशीचे विष इथे एक पाऊल पुढे जाते, म्हणजे थेट दुधात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या राष्ट्रीय दूध पाहणीत 6,432 नमुने तपासले गेले. देश दुधात युरिया आणि साबण शोधत होता. सापडले ते 368 नमुन्यांत मर्यादेबाहेरचे अफ्लाटॉक्सिन एम-1, आणि ते चाऱ्या-खाद्यातून आले होते. भेसळ करणाऱ्याला पकडता येते. गायीच्या जेवणाला कोणत्या कलमाखाली पकडावे?

दुसरा धोका औषधाच्या नावाने येतो. 1950 च्या सुमारास अमेरिकेत असे लक्षात आले की प्रतिजैविक बनवून उरलेला चोथा खाल्लेली पिल्ले झपाट्याने वाढतात. कारण पूर्ण कळण्याआधीच त्याचा धंदा झाला. रोग नसलेल्या पक्ष्याला रोज थोडेथोडे औषध दिले की त्याच्या आतड्यातले जिवाणू औषधाला सरावतात, आणि सरावलेले जिवाणू शेडचे दार पाहून थांबत नाहीत. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके 2006 पासून बंद केली. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने 2014 साली दिल्ली परिसरातले कोंबडीच्या मांसाचे 70 नमुने तपासले तेव्हा 40 टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश मिळाले. कोलिस्टिन हे माणसासाठी अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. भारतात जुलै 2019 पर्यंत ते कोंबडीच्या खाद्यातही कायदेशीर होते. रुग्णाच्या नातेवाइकांना त्याची बाटली धावाधाव करून आणावी लागे आणि कोंबडीला ते जागेवर, पोत्यातच पोहोचत असे.

खाद्याच्या काटकसरीचा कळस इंग्लंडने गाठला. तिथे गायींना मेलेल्या गुरांच्या मांस-हाडांची भुकटी खाऊ घातली जात होती, कारण प्रथिने स्वस्त पडत. 1986 साली पहिल्या वेड्या गायीचे निदान झाले. 1988 साली ती भुकटी रवंथ करणाऱ्या जनावरांना देण्यावर बंदी आली. 1990 साली कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या लहान मुलीला बीफ बर्गर देऊ केला. 1996 साली सरकारने मान्य केले की हा रोग माणसाला होत असावा. पुढे चाळीस लाखांवर गुरे मारावी लागली. भारतात हा रोग आढळलेला नाही. तरीही डिसेंबर 2019 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुभत्या आणि मांसाच्या जनावरांना गुरा-डुकरांच्या मांस-हाडांचे खाद्य देऊ नये असा आदेश काढला. त्यातून कोंबडी, डुक्कर आणि मासे वगळले आहेत. शाकाहाराचा आग्रह गायीपुरताच आहे.

बर्ड फ्लू हा तिसरा पाहुणा. देशात तो प्रथम फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उतरला, जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा आला. 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले, आणि संशय त्यांना घातलेल्या कोंबडीवर गेला. बाजाराची प्रतिक्रिया मात्र रोगापेक्षा अफवेला जास्त असते. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्ल्याने करोना होतो अशी वदंता उठली. त्या रोगाशी कोंबडीचा संबंध नव्हता, तरी जिवंत पक्ष्याचा भाव असा कोसळला की पोल्ट्रीवाल्यांनी पिल्ले खड्ड्यात पुरली. ज्या रोगांशी संबंध आहे ते मुकाट्याने थाळीत बसतात.

उरली विष्ठा. ओल्या लिटरमध्ये, म्हणजे तूस-विष्ठेच्या थरात, माशी अंडी घालते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. शेडशेजारच्या वस्तीवर पांढरी भिंत दुपारी काळी ठिपकेदार दिसते, आणि पंगतीत एक हात जेवायला व एक हात वारायला लागतो. तक्रार ग्रामपंचायतीत जाते. तक्रारदार आणि शेडमालक बहुधा एकाच भावकीतले असतात, त्यामुळे विषय माशांवरून सुरू होऊन बांधावर संपतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की नवे शेड वस्तीपासून 500 मीटर आणि नदी, तलाव, पिण्याच्या पाण्यापासून 100 मीटर दूर असावे. ज्या तालुक्यांत एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव यांचे फुगलेले पाणी आणि मधल्या पट्टीत गाव, तिथे हे अंतर कागदावरच मोजणे सोयीचे पडते.

मेलेला पक्षी खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावा असाही नियम आहे. मर मोठी झाली की खड्डा लहान पडतो, आणि उरलेले ओढ्याकाठची कुत्री पाहून घेतात.

पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून पुण्याच्या नळाला जाते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा आजार ओढवू शकणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, तिला आजारी पाडत नाही, म्हणून तो तिच्या एफसीआरमध्ये दिसत नाही आणि कंपनीच्या सुपरवायझरच्या नोंदीतही येत नाही. पशुसंवर्धन विभागाने खडकवासला परिसरातल्या पोल्ट्र्यांतून नमुने घेतले, त्यांतल्या काहींत तो मिळाला. पाणी की कोंबडी यावर चर्चा झाली, कोंबड्या मारण्याची गरज नसल्याचे सरकारने जाहीर केले, आणि नागरिकांना पाणी उकळून प्यावे व चिकन नीट शिजवून खावे असा सल्ला मिळाला. शेडमध्ये त्याच आठवड्यात पुढच्या लॉटसाठी तूस पसरले जात होते.