पुळणीवर गाडी घालणाऱ्या पाहुण्यास

श्री. रा. रा. पांढऱ्या गाडीवाले पाहुणे यांसी,

सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी आपण आमच्या दापोली तालुक्यातल्या गावी येऊन अख्खी गाडी समुद्राला वाहिलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. नारळी पौर्णिमेला आम्ही नुसता नारळ वाहतो. तुमचे मन मोठे. शिवाय गावात करमणूक कमी. नमन-खेळे शिमग्याला एकदाच. बुडत्या गाडीचा खेळ मात्र हल्ली सुट्टीगणिक होतो.

सकाळी ९ ला तुम्ही आलात तेव्हा ओहोटी होती. ओली पुळण फरशीसारखी घट्ट दिसते, तिने भल्याभल्यांना फसवले आहे. ‘वाहने नेण्यास मनाई’ हा ग्रामपंचायतीचा फलक तुम्ही वाचलात, त्याला टेकून फोटो काढलात आणि सुरूच्या बनातल्या वाटेने गाडी खाली घातलीत. (ती वाट आमच्याच पोरांनी दाखवली, हे कबूल. ५० रुपये घेतले, हेही.) दोन तास गोल गोल फिरून झाल्यावर पाण्यापासून ‘बरीच लांब’ गाडी लावलीत आणि सुरमईच्या थाळीवर जाऊन बसलात.

आमच्याकडे शेंबड्या पोराला येतो असा एक हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे तुम्ही दुसऱ्यांदा सोलकढी मागत होतात, तेव्हा लाटा तुमच्या मागच्या चाकांखालची वाळू काढून नेत होत्या. त्यातून पौर्णिमा नुकतीच सरलेली, पाणी उधाणाचे. अष्टमीला आला असतात, तर भांगाच्या भरतीत नुसते टायर भिजून सुटला असतात. पण कॅलेंडरात तुम्ही सुट्ट्या तेवढ्या बघता.

पुढचे तुम्ही आतून पाहिलेत, आम्ही बाहेरून. बाहेरून जास्त चांगले दिसते. तुम्ही रेस दिलीत, चाके जागच्या जागी फिरली आणि गाडीच्या पोटाला वाळू लागली. मग चाकाखाली पायपुसणे घातलेत. ते उडाले आणि मागून ढकलणाऱ्या तुमच्या मेव्हण्याच्या तोंडावर बसले. आम्ही माडाचे झाप आणून टाकले, टायरमधली हवा थोडी सोडा म्हणालो. ते तुम्हाला पटले नाही. ‘फोर बाय फोर आहे,’ असे आपण तीनदा म्हणालात. वारा होता, समुद्राला ऐकू गेले नसावे. ओढायला बांधलेले सुंभ तुटले. शेवटी ट्रॅक्टर आला. त्याचा दर पाणी कुठवर चढले त्यावर ठरतो : घोट्याचा वेगळा, गुडघ्याचा वेगळा, बोनेटचा तर विचारूच नका. तो आकडा ऐकून वहिनींनी तुमच्याकडे जे पाहिले, त्यापेक्षा उधाण बरे. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही. असता तर हे पत्र बहुधा लिहिले नसते.

एक विचारू? शेजारच्या मुरुडचे अण्णा, म्हणजे महर्षी कर्वे, पोरवयात परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना बसू दिले नाही. तुम्हाला तर कोणी वय विचारत नव्हते. मग सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंतसुद्धा चालवेना?

गाडी निघाली, पण चाकांच्या चरी राहिल्या. थंडीत रात्री कासविणी येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालून निघून जातात. वेळासला २००२ पासून माणसे ती अंडी उचलून जाळीच्या कुंपणात जपत आली. मग आजूबाजूच्या गावांतही तेच सुरू झाले. पिल्लू बाहेर येते ते दोन बोटांएवढे. पाण्यापर्यंत त्याला स्वतःच्या पायांनी जावे लागते, आम्ही उचलून नेत नाही. वाटेत तुमच्या टायरची चर लागली, की ते तिच्यात उतरते आणि आडवेच चालत सुटते. कावळ्यांना तेवढेच हवे असते. रविवारी सकाळी आम्ही चौघे फावडी घेऊन चरी बुजवत होतो. त्याचे बिल ट्रॅक्टरवाल्याच्या बिलात धरलेले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ट्रॅक्टर नसलेला एक गावकरी

ता. क. : तुमची पुढची नंबरप्लेट तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना सापडली. सध्या ती आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावली आहे; फार चपखल बसली. न्यायला याल तेव्हा आधी तिथी बघा आणि येताना एक फळी घेऊन या.