फुकटचा डाव : घ्यावा कसा, सोडावा कसा

(हिंगोली जिल्ह्यातील दसरा, प्रदर्शन, जत्रा व शिबिरे यांस सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका)

पैसे देऊन आकाशपाळण्यात बसणाऱ्याला शिष्टाचार शिकवावा लागत नाही. तिकीट घेतलं, ठरलेल्या फेऱ्या झाल्या, पाळणेवाल्यानं दांडी काढली, माणूस उतरला. पोटात ढवळत असल्यामुळे तो दुसऱ्यांदा बसायचा आग्रहही धरत नाही. पंचाईत होते ती फुकटच्या गोष्टीची. तिथे फेऱ्या कुणी ठरवलेल्या नसतात, दांडी काढणारा कुणी नसतो आणि पोटातही काही ढवळत नाही. म्हणून ही मार्गदर्शिका.

बाहेरगावच्या वाचकाला वाटेल की हिंगोलीला तरी याची गरज पडू नये. निजामाच्या काळात इथं लष्कराची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं अजून तोंडात आहेत. एवढ्या कवायतीच्या गावात रांग आपोआप लागत असेल! तसं नाही. छावणी गेली तेव्हा कवायत सोबत घेऊन गेली. मागे ठेवला तो फक्त हल्ला. वाटण्या करायचा अनुभव मात्र जिल्ह्याच्या गाठीशी आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणीपासून वेगळा निघाला आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ असे पाच तालुके घेऊन बिनतक्रार नांदू लागला. पण ट्रॅक्टरच्या एका सीटची वाटणी आजवर कुणाला जमलेली नाही.

ट्रॅक्टरचं सांगतो. त्याआधी एक प्राथमिक सूचना : हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांचा आहे, त्याची मुळं खाकीबाबांच्या मठात आहेत, आणि म्हैसूरच्या खालोखाल देशात आपलाच दसरा, असं हिंगोलीकर सांगतात. यावर वाद घालू नये. मैदानात शिरण्याची हीच खरी फी आहे.

कलम पहिले : ट्रॅक्टर

रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात फुकट करण्यासारख्या गोष्टींत नव्या ट्रॅक्टरवर बसणं हा मुकुटमणी. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसतं, चाक माणसाच्या छातीला लागतं आणि कंपनीचा पोरगा हसतमुखानं ‘बसा ना सर’ म्हणतो. एरवी आयुष्यात ‘सर’ म्हणवून घ्यायला डी.एड. करावं लागतं.

चढावं उजव्या पायानं. बसल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं आणि लांब कुठेतरी, शक्यतो भेळेच्या गाडीपलीकडे, पाहावं. फोटो तीन पुरेत : एक साधा, एक गॉगल लावून, एक लेकराला मांडीवर घेऊन. या तिसऱ्या फोटोत लेकराला ट्रॅक्टर दिसत नाही आणि पाहणाऱ्याला लेकरू दिसत नाही, पण ‘लेकरासाठी बसलो होतो’ असा पुरावा राहतो. चौथा फोटो काढणाऱ्यानं ट्रॅक्टरचं बुकिंग करावं. रील काढणाऱ्यानं दोन ट्रॅक्टरांचं.

खाली उभं असलेलं सात-आठ वर्षांचं पोरगं या वेळी म्हणेल, ‘ओ काका, उतरा की, माझा डाव हाय.’ याकडे लक्ष न देण्याची पद्धत आहे. ती मोडावी. रांगेतला तो एकटाच माणूस ट्रॅक्टर खरोखर चालवणार असतो. आता मनात, पुढे शेतात. न्याय्य डाव किती वेळाचा, यावर मतभेद आहेत. माझ्या मते खाली उभ्या पोरानं चाकाच्या खाचेतली माती उकरायला घेतली की आपली वेळ संपली.

सगळ्यांत मागे एक धोतर-टोपीवाले आबा उभे असतात. वसमतकडचे हळदवाले असावेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आबांच्या चेहऱ्यावर त्याचा परिणाम दिसत नाही. ते टायरवर बोटानं टकटक करतात, वाकून खालचं बघतात आणि ‘डिझेल किती खातंय?’ एवढं एकच विचारतात. अख्ख्या मंडपात खरेदीला आलेलं हे एक गिऱ्हाईक. पण कंपनीचा पोरगा गॉगलवाल्याचा मोबाइल नंबर लिहून घेण्यात गुंतलेला असतो. आबांना कुणी ‘बसा’ म्हटलंच, तर ते म्हणतात, ‘नगं बाबा, चपलेला चिखल हाय.’ फुकटच्या गोष्टीतला हा सगळ्यांत अवघड प्रकार आहे. ज्याला मागता येत नाही त्याचा डाव कुणाच्या हिशोबात धरायचा, याचं कलम माझ्या मसुद्यात चारदा लिहून खोडलं गेलं आहे. तूर्त एवढंच करावं : उतरताना सीट आबांकडे वळवून उतरावं, आणि पोराला सांगावं की आधी आजोबा, मग तू. पोरगं ऐकतं. गॉगलवाला ऐकत नाही.

कलम दुसरे : जागा धरणे

रामलीला बघायला पैसे पडत नाहीत, जागा पडते. जागेचा कायदा रूढीवर चालतो. रुमालानं एका माणसाची जागा धरता येते, उपरण्यानं दोघांची, शालीनं चौघांची. सतरंजी अंथरली की सगळ्या भावकीची. चपलेला कायद्यात स्थान नाही. नुसती चप्पल ठेवून गेलेल्या माणसाला परत आल्यावर जागा तर मिळत नाहीच, चपलेबद्दलही खात्री देता येत नाही.

सतरंजीच्या मधोमध एक मामी बसलेल्या असतात. त्यांच्याशी होणारं संभाषण असं :

‘मामी, इथं कोणी हाय का?’

‘हाय ना. समदे येऊ लालेत.’

‘कुठं आलेत?’

‘निघालेत सेनगावहून.’

फोन लावला तर सेनगावची मंडळी अजून ‘तुम्ही व्हा पुढं’ या अवस्थेत असतात. इकडे वनवास सुरू झालेला असतो. या परिस्थितीत मामींशी भांडू नये. त्यांनी सकाळपासून स्वयंपाक उरकून, डबा बांधून, चार वाजता येऊन ही सतरंजी राखली आहे. ज्यांच्यासाठी राखली ते मात्र पान लावून घेत आहेत. मुदतीचा नियम हवा. सीताहरणापर्यंत माणूस आला नाही तर त्याची जागा खुली समजावी. हरणाच्या मागे राम गेला की आपण अलगद सतरंजीच्या काठावर टेकावं; लक्ष्मणही गेला की मांडी घालावी. रावण येईपर्यंत मामी आपल्याला स्वतःच्या डब्यातली दशमी देतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

लेकराला खांद्यावर घेणाऱ्यांना एक विनंती. लेकराला दिसतं हे खरं, पण मागच्या पाच जणांना त्या क्षणापासून रामायणाऐवजी लेकराची पाठ दिसते. लेकरं पुढे, जमिनीवर, रांगेत बसवावीत. ती एकमेकांना चिमटे काढतील. काढू द्यावेत.

कलम तिसरे

(हे कलम पाहुण्यांसाठी राखीव आहे. कृपया इथं कुणी बसू नये.)

कलम चौथे : मोफत तपासणी

याबाबत फार लिहीत नाही, कारण हसू येत नाही. रक्तदाब फुकट मोजून मिळतो म्हणून तीन स्टॉलवर मोजून त्यातला सगळ्यांत कमी आकडा घरी घेऊन जाणारे गृहस्थ आपण सगळे ओळखतो. त्यांच्या गाडीत बहुधा स्वतःचं यंत्र असतं. ते जुळतं का हे त्यांना बघायचं असतं. दुपारी कामावरून सुट्टी झाल्यावर चालत आलेली बाई टेबलापर्यंत पोहोचते, तेव्हा तिला साखर तपासायच्या पट्ट्या संपल्याचं कळतं. आयोजकांनी निम्म्या पट्ट्या संध्याकाळसाठी कुलपात ठेवाव्यात. किल्ली गृहस्थांच्या परिचयाच्या माणसाकडे देऊ नये.

कलम पाचवे : मोदक व इतर प्रसाद

अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या विघ्नहर्ता चिंतामणी गणपतीच्या दारी नवसाच्या मोदकासाठी लाखोंची रीघ लागते. लोक आदल्या रात्रीपासून उभे असतात. आणि इथं एक चमत्कार दिसतो : मोदक फुकट असूनही ‘अजून एक द्या’ म्हणणारा विरळा. कारण सोपं आहे. मोदक घेऊन नवस बोलायचा आणि तो फळला की कितीतरी पटींनी मोदक परत आणून वाहायचे, अशी रीत. म्हणजे दुसरा मोदक हे दुसरं कर्ज. फुकटच्या वाटपात हाव आवरण्याची याहून खात्रीची तजवीज माझ्या पाहण्यात नाही. ट्रॅक्टर कंपन्यांनी यावर विचार करावा.

इतर प्रसादाला ही अट नसल्यामुळे तिथे ‘घरच्या आजी’ अवतरतात. प्रत्येक रांगेत प्रत्येक माणसाच्या घरी एक आजी असते, तिला येता येत नाही, आणि तिला बुंदीचे तीन द्रोण लागतात. वाटप करणाऱ्यानं एका घरामागे एकच आजी मंजूर करावी. मधुमेहाची आजी असल्यास चौकशी करावी.

रांगेत ‘मी घुसलो नाही, थोडा सरकलो’ म्हणणाऱ्यांचा निवाडा आता शास्त्रीय पायावर होण्याची आशा आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असतील आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीमुळे त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक पडला तरी तो टिपला जाईल. कोण किती सरकलं हे तोवर मागच्या माणसाच्या कोपरानंच मोजावं लागेल.

कलम सहावे : मागे ढकलले गेल्यास

या बाबतीत जिल्ह्याजवळ सातशे वर्षांचा दाखला आहे. नर्सीचे नामदेव औंढ्याला नागनाथापुढे कीर्तन करत होते. वाट अडते म्हणून त्यांना उठवून देवळामागे जायला सांगितलं. ते गेले, मागे उभे राहून कीर्तन करू लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी जिथे होता तिथेच राहिला, म्हणून तो आजही पाठीमागे आहे, असं सांगतात. तेव्हा ढकललं गेल्यास भांडू नये, मागे जाऊन आपलं काम चालू ठेवावं. मात्र ट्रॅक्टरच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. किल्ली कंपनीच्या पोराकडे असते.

नामदेवांचा दुसरा दाखला वाटप समित्यांना अडचणीत आणणारा आहे. कुत्र्यानं पोळी पळवली तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नये म्हणून. सध्याचे स्वयंसेवकही धावतात, हातातली वस्तू तेवढी वेगळी असते. तुपाचा भाव पाहता त्यांना दोष देववत नाही. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे नर्सीला शीख भाविकही येतात. त्यांच्या लंगरची रीत मात्र समित्यांना परवडेल : सगळे जमिनीवर एका ओळीत. खाली बसलेल्या माणसाला पुढे घुसता येत नाही.

कलम सातवे : रावण

शेवटी रावणदहन. पन्नासेक फुटांचा रावण ही फुकटच्या वाटपातली अत्यंत समतावादी वस्तू होय. तो मंडपातून दिसतो, रस्त्यावरून दिसतो, गच्चीवरून दिसतो. खांद्यावर लेकरू घेतलेला माणूस पुढे असला तरी निदान वरची तोंडं दिसतात. तरीसुद्धा अगदी पुढे सोफे मांडलेले असतात. (कलम तिसरे पाहावे.) पुढे बसून रावण जास्त मोठा दिसतो असं नाही. उलट मान मागे टाकावी लागते, फटाक्यांचा धूर आधी तिथेच येतो, ठिणगी उडाली तर सफारीवर उडते. सोफ्याकडे नेणारा पास मिळवण्यासाठी ज्यांनी आठवडाभर खटपट केली, त्यांनी सोबत ओला रुमाल ठेवावा.

रावण पडला की मैदान एकदम हलतं. अशा वेळी धक्काबुक्की न करता, हातातलं लेकरू घट्ट धरून, ज्या बाजूनं आलो त्याच बाजूनं निघावं. मागच्या कडेला उभ्या असलेल्यांना फाटक जवळ पडतं. सोफ्यावरच्यांना आधी एकमेकांना सोनं द्यावं लागतं, मग फोटो, मग हार कुणाचा राहिला त्याची चौकशी, मग साहेबांची गाडी निघेपर्यंत थांबणं. तेवढ्यात मागच्यांची मोटारसायकल औंढ्याच्या रस्त्याला लागलेली असते.