स्वस्तातल्या फुल फ्रेमचे दोष काढावेत कसे

कॅमेरा घेणे सोपे असते. दुकानात जायचे, पैसे मोजायचे, खोके घेऊन यायचे. दोष काढायला मात्र व्यासंग लागतो, आणि मुख्य म्हणजे पैसे लागत नाहीत. म्हणून शहाण्या माणसाने आधी दोष काढावेत.

सरावासाठी कॅननचा ईओएस आरपी उत्तम. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत १,२९९ डॉलर होती. फुल फ्रेमच्या मानाने ही रक्कम संशय यावा इतकी कमी. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणारच.

साहित्य फार नाही. एक शंभरपानी वही, एक लाल पेन आणि "मोबाइलमध्ये येतात की छान फोटो!" असे दर दहा मिनिटांनी म्हणणारे घरातले एक माणूस. तसे माणूस घरात नसल्यास शेजारून आणावे.

आरंभ सेन्सरपासून करावा. आकार ३६ बाय २४ मिलिमीटर, मेगापिक्सेल २६.२. पण कुळ शोधत गेलात तर ते २०१७ च्या सिक्स-डी मार्क टूपर्यंत पोहोचते. लगेच 'शिळा सेन्सर' असे लिहून दोनदा अधोरेखित करावे. आता पुरावा. भर दुपारी चार स्टॉप कमी उजेड देऊन मुद्दाम काळाकुट्ट फोटो काढावा, मग संगणकावर त्या सावल्या उपसून वर आणाव्यात. काळोखातून रंगीत दाणे उठताना दिसले की समाधानाने मान डोलवावी. "पण मग फोटो आधीच नीट उजेडात काढला असता तर?" असे कुणी विचारलेच, तर त्याला या विषयात गती नाही असे समजून चहा द्यावा.

मग वजन. बॅटरी आणि कार्डासकट ४८५ ग्रॅम. हा गुण वाटतो, तसा तो वाटू देऊ नये. या बॉडीवर २८-७० एफ/२ ही लेन्स चढवून पाहावी. एकट्या लेन्सचे वजन १,४३० ग्रॅम. नवरदेव किरकोळ आणि बाशिंग अडीच शेराचे, अशी ती जोडी दिसते. शिवाय बॉडी इतकी बुटकी की मोठ्या पंजाच्या माणसाची करंगळी खाली अधांतरी लोंबते. तिला आसरा म्हणून कॅननने ईजी-ई१ नावाची एक पट्टी विकायला काढली. एका बोटाची सोय वेगळे पैसे मोजून करावी लागते, हे वहीत ठळक लिहावे.

बॅटरीचे पान मोठे ठेवावे. एलपी-ई१७ या चिमुकल्या बॅटरीवर प्रमाणित मोजणीनुसार २५० फोटो निघतात. सलग काढत गेलात तर प्रत्यक्षात बरेच जास्त निघतात, पण ही माहिती वहीत लिहू नये. त्याऐवजी एखादे लग्न डोळ्यांसमोर आणावे. सकाळी हळदीचे शंभर फोटो झाले. मामाने मुलीला आणताना पन्नास. मग आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टके सुरू केली. त्यात दोन्ही घराण्यांतल्या प्रत्येकाचे नाव गुंफलेले आहे आणि अजून चुलतघराणे बाकी आहे. अंतरपाट आता खाली येणार, हातांत अक्षता तयार, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चिन्ह लाल होऊन लुकलुकू लागते. दुसरी बॅटरी बॅगेत आहे. बॅग वधूपक्षाच्या खोलीत आहे. खोलीची किल्ली मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्याबाईंकडे आहे. शिवाय कार्डाची खाच एकच. ते कार्ड रुसले तर लग्न झाल्याचा पुरावा फक्त भटजींपाशी. पैसे घेऊन लग्ने करणाऱ्याने हा दोष गंभीरपणे घ्यावा, इतरांनी नुसते गंभीर दिसावे.

थरथर आवरायची यंत्रणा बॉडीत नाही, ती लेन्समध्ये असली तर असली. फोर-के व्हिडिओ सेकंदाला चोवीस-पंचवीस फ्रेमचाच, तोही १.६ पट कापून, आणि त्यात कॅननचे गाजलेले ड्युअल पिक्सेल फोकसिंग गायब. म्हणजे पैसे पूर्ण फ्रेमचे द्यायचे आणि व्हिडिओला सेन्सरचा मधला तुकडाच वापरायचा. फ्लॅशचा सिंक १/१८० सेकंद आहे. हेही लिहून ठेवावे. लागत नाही, पण वही भरते.

शटर जास्तीत जास्त १/४०००. एफ/१.८ ची लेन्स पूर्ण उघडून टळटळीत उन्हात आयएसओ १०० वर फोटो काढायचा तर साधारण १/८००० लागते. यावर एनडी फिल्टर हा उपाय आहे, आणि सावलीत उभे राहणे हा दुसरा. दुसऱ्याला पैसे पडत नसल्याने तो कुणी सुचवत नाही.

एक दोष विशेषतः आपल्याकडच्यांनी पारखावा. थोरला ईओएस आर बंद केला की शटर सेन्सरसमोर पडदा धरते. आरपीमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच. म्हणून सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर लेन्स बदलू नये. खंडोबाचा भंडारा भक्ताच्या कपाळी शोभतो.

भिगवणला रोहित टिपायला जाणाऱ्याची अडचण वेगळी. क्रॉप सेन्सरवर २५० मिलिमीटरची लेन्स ४०० ची चौकट देत होती. फुल फ्रेमवर तीच चौकट हवी तर लेन्सच ४०० ची हवी. जुनी ईएफ-एस लेन्स अडॅप्टरने बसते खरी, पण कॅमेरा आपणहून चौकट कापतो आणि २६ चे जेमतेम १० मेगापिक्सेल उरतात. इतके पैसे घालून पक्षी दूरच गेला, हे घरच्या माणसासमोर मोठ्याने वाचू नये.

आता लाल पेन जरा बाजूला ठेवावे, कारण हा दोष खरा आहे. आरपी आला तेव्हा आरएफ माउंटच्या चारच लेन्स बाजारात होत्या, त्यांतल्या तीन लाल कड्याच्या, म्हणजे श्रीमंती. परवडेल अशी एकटी ३५ एफ/१.८. साधी ५० एफ/१.८ यायला २०२० चे वर्षअखेर उजाडले. बॉडी उंबऱ्याशी स्वस्त असते, खर्च माजघरात असतो. मुंबईच्या बोरा बाजारात काउंटरपलीकडचा माणूस "साहेब, बॉडीचं ठरलं ना? आता लेन्सचं बोलू," म्हणतो तेव्हा खरी खरेदी सुरू होते. जुन्या ईएफ लेन्स कपाटात असतील तर अडॅप्टरवर त्या उत्तम चालतात, आणि मग निम्मी वही फाडून टाकायला हरकत नाही. नसतील तर बॉडीच्या किमतीइतकेच पैसे लेन्ससाठी वेगळे काढून मगच दुकानाची पायरी चढावी.

हे सगळे तोलून होईतो २०२३ उजाडते आणि आर-८ येतो. वही टाकू नये. बॅटरी तीच एलपी-ई१७, कार्डाची खाच एकच, बॉडीत थरथर आवरायची यंत्रणा याहीवेळी नाही. फक्त फोर-केच्या पानावर काट मारावी आणि २६.२ खोडून २४.२ लिहावे.